एचपीचं भूत आणि बिचारी लिफ्ट

"किती एचपीचा घेऊ?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला निदान दहा-बारा जणांनी विचारलाय. सगळे आपल्याच जमातीतले. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, एखादा थेट डॅलसहून. गावी वडील किंवा भाऊ शेती बघतात, दारात पंचवीस-तीस वर्षांचा ट्रॅक्टर उभा आहे, आणि भावाचं म्हणणं असं की हा आता नवा पलटी नांगर उचलत नाही. शोरूमवाल्याने सांगितलंय, पंचावन्नचा घ्या. हप्ता कोण भरणार? अर्थात हिंजवडी. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर "आत्ताच घेऊन टाकू" ची लाटच आहे.

मंडळी, जरा थांबा. "उचलत नाही" ही तक्रार लिफ्टची आहे आणि उत्तर इंजिनाचं दिलं जातंय. एखादी वेबसाईट हळू चालते म्हणून कोणी तुम्हाला मोठा मॉनिटर घ्यायला सांगितला तर तुम्ही त्याला चहासुद्धा पाजणार नाही. इथे मात्र आठ-नऊ लाखांचं कर्ज निमूटपणे काढता.

आधी थोडं गणित. घाबरू नका, आठवीतलं आहे.

हायड्रोलिकमध्ये दोन आकडे महत्त्वाचे. एक दाब, दुसरा प्रवाह. दाब गुणिले सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे जोर. प्रवाह म्हणजे मिनिटाला किती लिटर तेल येतंय, आणि त्यावर ठरतो तो वेग. बस्स. किती वजन उचलेल हे दाबावर (आणि लिंकच्या भूमितीवर), किती लवकर उचलेल हे प्रवाहावर. गावात नव्हे, शोरूममध्येसुद्धा या दोन गोष्टींची इतकी भेसळ करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मोठा पंप म्हणजे जास्त वजन. मोठा पंप म्हणजे तेवढंच वजन, लवकर. इतकंच.

आता बार गुणिले लिटर भागिले ६०० केलं की किलोवॅट मिळतात. समजा पंप मिनिटाला २० लिटर देतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह १८० बारला उघडतो. २० गुणिले १८० भागिले ६०० म्हणजे ६ किलोवॅट. एचपीत म्हणाल तर आठ. म्हणजे ३५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरमध्येसुद्धा लिफ्ट मागून मागून किती मागणार, तर आठ घोडे, आणि तेही धुऱ्यावर वळताना दोन-तीन सेकंद. बाकीचे सत्तावीस घोडे त्या वेळी मोकळेच असतात. इंजिन कमी पडलं म्हणून लिफ्ट उचलत नाही, असं होतच नाही. इंजिन बंद पडत नसेल आणि लिफ्ट वर जात नसेल, तर दोष एचपीत नाही हे सांगायला मिस्त्री कशाला पाहिजे?

मग दोष कुठे? सकाळी सात वाजता लिफ्ट झटक्यात वर जाते आणि दुपारी दोन वाजता तोच नांगर कण्हत कण्हत वर येतो, असं असेल तर जवळजवळ निदान झालंच. गिअर पंप झिजला की त्याच्या चाकांच्या बाजूची फट वाढते. तेल थंड आणि दाट असतं तोवर फटीतून कमी निसटतं. तापून पातळ झालं की दाबाखाली बरंचसं तेल पुढे जाण्याऐवजी आतल्या आत मागे फिरतं. आपल्याकडची नांगरट असते मार्च ते मे, मराठवाडा-विदर्भात पारा बेचाळीसच्या पुढे. झिजका पंप नेमका त्याच दिवसांत उघडा पडतो. (आपल्या लोकांना हे लगेच कळावं: लोकलवर चालतं, लोड आलं की झोपतं.)

आणि म्हणूनच तो प्रसिद्ध बादली-प्रयोग मला डोक्यात जातो. पाईप काढायचा, बादलीत सोडायचा, धार बघून मिस्त्री म्हणणार, "पंप चांगलाय". अहो, दाबाशिवाय धार कुठलाही पंप देतो! झीज दाबाखालीच दिसते. बाहेरच्या टॅपला टी जोडून २५० बारचा गेज लावा, तेल गरम होऊ द्या, मग बघा. गेजची किंमत डिझेलच्या एका टाकीपेक्षाही कमी असते. पण माझ्या माहितीतल्या तालुक्याच्या ठिकाणच्या सहा-सात वर्कशॉपांपैकी एकातच मी गेज पाहिला, तोही कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत.

पंपावर यायच्या आधीही फुकटातल्या गोष्टी आहेत. सक्शनची जाळी तुंबली की पंप शिट्टी मारल्यासारखा ओरडतो आणि लिफ्ट हळू होते. तेलाची पातळी कमी असली की हवा ओढली जाते, तेलाला फेस येतो. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांमध्ये गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच, त्यामुळे गिअरातला कीस त्याच तेलात फिरत असतो. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे पंप इंजिनावर चालतो. धुऱ्यावर येताना डायवर रेस सोडतो आणि मग लिव्हर ओढतो, म्हणजे प्रवाह निम्मा करून वर तक्रार.

बरं, हळू उचलण्याने नुकसान तरी किती होतं? एक एकर रान घ्या, शंभर मीटर लांब, चाळीस मीटर रुंद. दोन फाळी नांगर एका फेरीत साधारण ६० सेंटिमीटर घेतो. म्हणजे ६७ फेऱ्या, ६७ वेळा उचलणं. प्रत्येक वेळी चार सेकंद जादा लागले, तर एकराला साडेचार मिनिटं. नांगरटीला एकराला दीड-दोन तास लागतात, त्यातली साडेचार मिनिटं! यासाठी नऊ लाख?

खरं नुकसान दुसरीकडे होतंय आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ते म्हणजे ड्राफ्ट कंट्रोल.

इथे जरा मागे जाऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा एक खटपट्या माणूस ट्रॅक्टर आणि नांगरांच्या नादी लागला होता. तेव्हाचे ट्रॅक्टर नांगराला गाडीसारखे मागे ओढत. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठायचा आणि मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. फोर्डसन तर त्यासाठी बदनामच होता. फर्ग्युसनने काय केलं? नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला की अडकल्यावर वरची दांडी उलट ट्रॅक्टरला पुढून खाली दाबते. आणि १९२५-२६ च्या सुमाराला त्याने पेटंट घेतलं ते त्याहून भारी होतं. वरच्या दांडीवर येणारा रेटा हाच सिग्नल. जमीन कडक लागली, रेटा वाढला, की हायड्रोलिक आपोआप नांगर किंचित वर घेतं. मऊ लागली की खाली. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, चाकं घसरत नाहीत.

आपल्या भाषेत हा फीडबॅक लूप. ट्रान्झिस्टरचा जन्म व्हायच्या वीस वर्षं आधी, एका स्प्रिंगवर आणि एका व्हॉल्व्हवर चालणारा. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला त्याचा टीई-२० हा छोटासा ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त विकला गेला. (हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच फर्ग्युसनांवर बसून. एव्हरेस्टचं सगळ्यांना माहीत असतं, हे कोणी सांगत नाही.) पुढे फोर्डने हेच तंत्र वापरलं म्हणून फर्ग्युसनने दावा लावला आणि १९५२ मध्ये फोर्डने साडेब्याण्णव लाख डॉलर मोजून तो मिटवला. आपल्याकडे १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली ती मॅसी फर्ग्युसनच्याच सहकार्याने. म्हणजे तुमच्या गोठ्याशेजारी उभा असलेला तो लाल ट्रॅक्टर या लूपचा थेट वारस आहे.

आणि त्या लूपचं आपण काय केलंय? बंद करून ठेवलाय.

सीटच्या बाजूला दोन लिव्हर असतात. एक पोझिशनची, एक ड्राफ्टची. कोणत्याही डायवरला विचारा, "ती दुसरी कशाची?" शंभरातले नव्वद म्हणतील, "ती नसती लागत." माझा अंदाज असा की रोटाव्हेटरने ही सवय लावली. रोटाव्हेटरला ओढच नसते, तो उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, तिथे पोझिशनच पाहिजे. पण तीच सवय नांगराला लागली. पोझिशनवर नांगर म्हणजे खोली ट्रॅक्टरच्या मानाने पक्की बांधलेली. कडक पट्टा आला की चाकं घसरणार, इंजिन दबणार, आणि मग निष्कर्ष? "एचपी कमी पडतंय." परत तेच भूत!

हिशेब करा. चाकाची घसर १५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली, तर तेवढंच अंतर कापायला एकवीस टक्के जास्त वेळ. दोन तासांच्या कामात पंचवीस मिनिटं. वर डिझेल आणि टायरची झीज. लिफ्ट हळू आहे याची साडेचार मिनिटं दिसतात, कारण तेव्हा सगळे नांगराकडे बघत असतात. ही पंचवीस मिनिटं कोणालाच दिसत नाहीत.

आता इथपर्यंत वाचून जुनं-ते-सोनंवाले खूष झाले असतील. त्यांनीही जरा बसून घ्यावं, कारण माझं दुसरं भांडण त्यांच्याशीच आहे.

हे लोक म्हणतात, जुनं लोखंड आहे, काहीही उचलतं. नाही उचलत. प्रत्येक ट्रॅक्टरला हद्द आहे आणि ती फक्त तेलाच्या दाबाची नाही. समजा चारशे किलोचा नांगर आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १.६ मीटर मागे येतो. ट्रॅक्टरची दोन ॲक्सलमधली लांबी १.९ मीटर. नांगर उचलला की पुढच्या चाकांवरून ४०० गुणिले १.६ भागिले १.९, म्हणजे जवळजवळ ३४० किलो कमी झाले. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात सहा-सातशेच किलो असतात. निम्मं गेलं. खड्ड्यातून जाताना, बांध चढताना उरलेलं निम्मंही जातं आणि स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं. यावर उपाय म्हणून बंपरवर रेतीची पोती बांधणारे महाभाग मी पाहिलेत.

मोठ्या अवजाराने ड्राफ्ट कंट्रोलही गोंधळतो. तो वरच्या दांडीचा रेटा मोजतो ना? नांगर लांब आणि जड झाला की त्याचं वजनच वरच्या दांडीला मागे ओढतं. रेटा शून्याजवळ येतो, कधी उलटा होतो. सिग्नलच गेला, मग लूप कशावर चालणार? म्हणून तर मोठ्या ट्रॅक्टरांमध्ये हा सिग्नल खालच्या दांड्यांवरून घेतात. म्हणजे तीन फाळी जड पलटी पस्तीसच्या ट्रॅक्टरला लावणं हे पंप बदलून, सील बदलूनही सुटणारं काम नाही. तिथे उत्तर लहान नांगर हेच आहे. पण लहान नांगर घेतला की गावात इज्जत जाते!

आणि मग सुरू होतो तो वॉशरचा खेळ. रिलीफ व्हॉल्व्ह उघडायचा, स्प्रिंगखाली वॉशर घालायचा, की १८० चे २२० बार. लिफ्ट लगेच "दमदार". आमच्या आबांच्या (माझे चुलते) ट्रॅक्टरला एका मिस्त्रीने न विचारता हेच केलं होतं. मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "अरं, बावीस टक्के जोर वाढला म्हणतोय ना तू, मग चांगलंच झालं की." मी म्हटलं, "आबा, जोर वाढला तो नांगरावर नाही नुसता. पंपाचं कव्हर, लिफ्टचं टोपण, हात, सगळ्यांवर बावीस टक्के वाढला. ते काही नवीन नाही बसवलं." दुसऱ्याच हंगामात लिफ्टच्या टोपणाला चीर गेली. बीड फुटतं ते सांगून फुटत नाही. नशीब की तेव्हा नांगराखाली कोणी नव्हतं. वर उचललेल्या अवजाराखाली शिरून फाळाचे बोल्ट आवळणारी माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर चारशे किलो असतात एका रबरी रिंगेच्या भरवशावर.

शिवाय रिलीफ व्हॉल्व्ह उघडा ठेवून तेल दाबत राहिलं (लिव्हर वरच्या टोकाला अडकवून ठेवायची सवय असते काहींना, किंवा न उचलणारं वजन उचलत बसायची) तर त्या सहाच्या सहा किलोवॅटची उष्णता होते. तीस लिटर तेल असेल तर मिनिटाला सुमारे सात अंश. दहा मिनिटांत काय होईल ते बघा. तेल पातळ, पंप ढिला, लिफ्ट हळू, म्हणून अजून एक वॉशर...

डंपिंग ट्रॉलीचं तर बोलायलाच नको. १२० मिलिमीटर व्यासाचा, १.२ मीटर लांब उघडणारा सिलिंडर साडेतेरा लिटर तेल खातो. ते येतं कुठून? गिअरबॉक्समधून. पातळी इतकी उतरली की सक्शन उघडं पडतं. आणि गावातली एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागत असेल तर चौघांच्या तेलातली घाण चौघांच्या पंपात जाते, उसन्या पेनड्राईव्हसारखी.

पलटी नांगराला बाहेरचा दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह बसवून घेतात, तिथेही डोळे झाकून काम. ज्या ट्रॅक्टरात पंप सतत तेल फिरवत असतो, तिथे ते जमतं. पण फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरात पंप आतच, गिअरबॉक्समध्ये असतो आणि नियंत्रण सक्शनच्या बाजूला. लिफ्टने मागितलं तरच तो तेल ओढतो, एरवी कोरडाच फिरतो. त्याला सतत तेल द्यायला लावायची लिव्हरची वेगळी जागा अनेक मॉडेलांत असते. ती न समजून घेता व्हॉल्व्ह जोडला की नांगर अर्ध्यावर पलटी होऊन अडकतो, आणि दोष परत ट्रॅक्टरच्या वयाला. तसंच सिंगल क्लचचं. तिथे क्लच दाबला की पंपही थांबतो, म्हणजे धुऱ्यावर क्लच दाबून थांबलात की लिफ्टही थांबली. त्याला म्हातारपण म्हणत नाहीत, तो त्या यंत्राचा स्वभाव आहे.

मग नवा घ्यायचाच नाही का? घ्या की. जमीन वाढलीय, भाड्याने कामं करायचीत, जुन्याचं इंजिनच खल्लास आहे, जरूर घ्या. पण कंपन्यांनी आणि विक्रेत्यांनी जी चलाखी चालवलीय ती तरी ओळखा. होर्डिंगवर लिहितात "१८०० किलो". कुठे मोजलं? बहुतेकदा खालच्या दांड्यांच्या टोकाशी. तुमचा नांगर तिथे नसतो, त्याचं वजन पार मागे असतं. परीक्षेच्या पद्धतीत टोकापासून ६१० मिलिमीटर मागे वजन ठेवूनही मोजतात, आणि तो आकडा बराच लहान येतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे ट्रॅक्टर तपासले जातात आणि अहवालात पंपाचा प्रवाह, रिलीफचा दाब, उचल, सगळं असतं. तो अहवाल शोरूमच्या टेबलावर का नसतो? मायलेजच्या आकड्यावरून मोटारवाल्यांना फाडून खाणारे आपण, नऊ लाखांच्या यंत्राचे दोन आकडे मागायला का लाजतो? आणि ड्राफ्ट लिव्हर कशी वापरायची हे साध्या मराठीत, चित्रांसकट, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला किती खर्च येतो? गणपतीला एलईडी स्क्रीन लावण्यापेक्षा नक्कीच कमी.

असो. पुढच्या वेळी गावाहून फोन आला की भावाला एवढंच करायला सांगा. दुपारी, दोन तास नांगरट झाल्यावर, पूर्ण रेसवर नांगर खालून वर जायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजायचं. तेच दुसऱ्या दिवशी सकाळी थंड तेलावर. मग गेज लावून गरम तेलाचा दाब. नांगराचं वजन आणि तो दांड्यांपासून किती मागे जातो ते टेपने. आणि ड्राफ्टची लिव्हर गंजून अडकलीय की हलते ते. हे पाच आकडे मला पाठवा. हप्त्याचं त्यानंतर बोलू.